नाव झाकलं तरी

आज आम्ही नावाबद्दल बोलणार आहोत. कुणी सर्व्हे करायला दारात येतं आणि म्हणतं, "ताई, काळजी करू नका, नाव कुठेच येणार नाही." आपण बसतो, पाणी देतो, सगळं सांगतो. नाव येत नाही म्हणजे आपण झाकलेल्या राहतो, असं आपण धरून चालतो. हे किती खरं आहे आणि कायदा याबद्दल काय म्हणत आला आहे, ते जरा मागे जाऊन पाहू.

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटला राहतो. कुणाचं गाव साताऱ्याकडचं, कुणाचं कोकणातलं, कुणाचं जळगाव-धुळ्याकडचं. पोट मात्र इथलं. 1 ऑगस्ट 1962 ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, जन्माला आली. तो समारंभ इथेच वागळेत, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली झाला. इथले रस्ते नंबराने ओळखतात: रोड नंबर 16, रोड नंबर 22, रोड नंबर 28. कारखान्यात माणूसही नंबरानेच. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत गेटवर टोकन नंबर असायचा, हजेरीला नंबर, पगाराच्या पाकिटावर नंबर. कामगार हॉस्पिटलात गेलं तरी आधी कार्डाचा नंबर. पण त्या नंबराचा माणूस कोण, हे अख्ख्या खात्याला पाठ असायचं. अमक्या नंबराचा आज खाडा, म्हटलं की त्याची बायको बाळंत झाली आहे इथपर्यंत सगळ्यांना कळायचं. नंबर हे दुसरं नावच होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं पूर्वेकडे जाऊ. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मार्च 1972 मध्ये तिथल्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. मुलगी मजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या मधलं. खालच्या कोर्टाने पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा तो हिशेब होता. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. 1980 साली मुंबईत बायका एकत्र आल्या, 8 मार्चला मोर्चे निघाले. त्या रेट्यामुळे 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला.

या बदलाची गोष्ट सांगताना पोलिस कोठडीतला अत्याचार, पुरावा कुणी द्यायचा, याबद्दल खूप बोललं जातं. आम्हाला आज त्यातलं एक धाकटं कलम हवं आहे, भारतीय दंड संहितेतलं 228-अ. अत्याचार झालेल्या बाईची ओळख छापली तर दोन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. त्याची शब्दरचना नीट ऐका. नाव छापू नका, एवढंच ते म्हणत नाही. नाव, किंवा जिच्यामुळे ओळख कळून येईल अशी कोणतीही बाब छापू नका, असं म्हणतं. कॉम्प्युटर घरोघरी नव्हते, मोबाईलचं नाव नव्हतं, तेव्हा 1983 साली कायदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं की नुसतं नाव काढून भागत नाही. गाव लिहिलं, बापाचा धंदा लिहिला, शाळा लिहिली की संपलं.

ज्या मुलीमुळे हे कलम आलं, तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. तिची केस अख्ख्या देशात तिच्याच नावाने ओळखली जाते. वकिलीच्या पुस्तकांत आहे, मोर्च्याच्या फलकांवर होतं. कोर्टाचा निकाल छापणं गुन्हा नाही, अशी सूट कलमातच आहे. आम्ही आज ते नाव घेतलं नाही. पण तुमच्यातल्या ज्या चळवळीत होत्या, त्यांनी देसाईगंज म्हटल्याबरोबर ओळखलं असणार. गावाचं नाव आणि वर्ष, दोनच गोष्टी आम्ही सांगितल्या होत्या.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. त्या बाईने स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव छापता येतं. झाकायचं की उघडायचं, हा हक्क तिचा. पुढे 2012 च्या पॉक्सो कायद्यात मुलांसाठी हीच यादी आणखी उलगडून लिहिली गेली: नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार. शेजारसुद्धा! आणि डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दूरान्वयानेसुद्धा ओळख पटेल असं काही छापायचं नाही. आज दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि ते कलम 72 क्रमांकाचं झालं.

दुसरी केस मुंबई हायकोर्टातली, 1997 ची. एका सरकारी महामंडळात रोजंदारीवर काम करणारा एक मजूर. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला, म्हणून त्याला कामावर घेईनात. अंगात ताकद होती, काम जमत होतं, तरीही नाही. त्याला कोर्टात जायचं होतं, पण गेलो तर कळणार, आणि कळलं तर राहतो ती खोली जाणार. त्या काळात एचआयव्ही म्हणजे काय होतं, ते आठवून पाहा. हायकोर्टाने त्याला नाव लपवून दाद मागू दिली. निकालाच्या पुस्तकात तो 'एमएक्स' आहे, आणि ज्यांच्याविरुद्ध तो लढला ते महामंडळ 'झेडवाय'. कोर्टाने मजुराचं नाव झाकलं, तसं मालकाचंही झाकलं. आम्हाला हा शहाणपणाचा कळस वाटतो. महामंडळाचं नाव उघडं ठेवलं असतं, तर त्यांच्या रोजंदारीच्या यादीतून कामावरून बंद झालेला माणूस शोधायला मुकादमाला किती वेळ लागला असता? तो जिंकला. काम करू शकणाऱ्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम नाकारता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. कोर्टात टोपणनावाने लढण्याची ही सोय पुढे 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात लिहिली गेली आणि तो कायदा सप्टेंबर 2018 पासून लागू झाला.

आता कोर्टाबाहेर पाहा. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या औषधाचं कार्ड नंबराचं असतं. नाव पुकारत नाहीत, चांगलं आहे. पण ज्या दारासमोर रांग लागते, ते दार सगळ्या तालुक्याला माहीत असतं. म्हणून बाया दोन तालुके ओलांडून लांबच्या केंद्रावर जातात, एसटीला पैसे घालतात, रोजगार बुडवतात.

हे तुमच्याकडचं झालं. आमच्याकडचं 2020 सालचं सांगतो. मार्चमध्ये राज्यात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारायला सुरुवात झाली. मग आकडे सुरू झाले. रोज संध्याकाळी ठाणे महापालिकेचे प्रभागनिहाय आकडे मोबाईलवर यायचे आणि त्यात वागळे आणि लोकमान्य-सावरकरनगर हे आमचे प्रभाग ठळक असायचे. आकडा प्रभागाचा असेल तर कुणाला काही कळत नाही, लाखभर वस्ती. पण लोकांना तेवढ्याने चैन पडेना. व्हॉट्सॲपवर कुठून कुठून यादी फिरायची: महिला, वय 34, अमुक चाळ. नाव नाही. आमच्या गल्लीत 34 वर्षांची, रोज हॉस्पिटलला आयाच्या कामावर जाणारी बाई एकच होती. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी दूधवाला यायचा बंद झाला. ती पंधरा दिवसांनी बरी होऊन परत आली, तर सार्वजनिक नळावर तिची घागर कुणी रांगेत ठेवू देईना. रात्री उशिरा, सगळ्यांचं भरून झालं की ती पाणी भरायची. आम्ही काय केलं? आम्हीही खिडक्या लावून घेतल्या. खोटं कशाला सांगायचं.

त्या यादीत कुणी खोटं लिहिलं नव्हतं आणि नावही लिहिलं नव्हतं. तीन साध्या गोष्टी होत्या: बाई, वय, चाळ. एकेकटी कुणालाच ओळखत नाही, तिघी एकत्र आल्या की एकच दार उरतं.

हे हिशेबाने पहिल्यांदा ठसवून दाखवलं ते एका बाईने, आणि ते आमच्या कोविडच्या वीस-बावीस वर्षं आधी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. तिथे सरकारी नोकरांच्या दवाखान्यांच्या नोंदी, नावं आणि पत्ते काढून, अभ्यासकांना दिल्या गेल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी लोकांना भरवसा दिला होता की कुणाची ओळख पटणार नाही. लतानिया स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी होती. तिने राज्यपाल राहतात त्या केंब्रिज शहराची मतदार यादी 20 डॉलरला विकत घेतली. दोन याद्या शेजारी ठेवल्या. दोन्हींत जन्मतारीख, बाई की पुरुष, आणि पिनकोड या तीन गोष्टी होत्या. राज्यपालांच्या जन्मतारखेचे शहरात सहा लोक निघाले, त्यातले पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडचा एकच. राज्यपालांचे आजार आणि औषधं तिच्या हातात आली. पुढे तिने हिशेब मांडला की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली 100 पैकी सुमारे 87 माणसं एकेकटी वेगळी काढता येतील.

आपल्याकडे मतदार यादी भिंतीवर लागते. नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, वय, घर क्रमांक. जन्मतारीख त्यात नसते, आणि असती तरी एक गंमत झाली असती. आपल्या आईच्या पिढीतल्या किती जणींचा वाढदिवस 1 जून आहे, मोजून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट 1 जून टाकला. त्या गुरुजींनी नकळत झाकणच घातलं म्हणायचं! एका तारखेला गावातल्या शंभर जणी असतील तर तारखेवरून कुणाला काय शोधता येणार? निनावीपणाचं शास्त्र हेच सांगतं. एका वर्णनात निदान इतक्या जणी बसल्या पाहिजेत की त्यातली नेमकी कोण, हे कळू नये.

पण त्यातही फट आहे. समजा, बचत गटात दहा जणी आहेत आणि बँकेच्या कागदावर नावं नाहीत, फक्त गटाचं नाव आहे. आणि कागद म्हणतो की दहाही जणींचा हप्ता थकला आहे. मग नाव कशाला हवं? गटात असणं एवढीच ओळख पुरते.

मोबाईलचं त्याहून कठीण. 2013 साली अभ्यासकांनी युरोपातल्या एका देशातल्या पंधरा लाख लोकांच्या मोबाईलच्या नोंदी, नावं काढून, तपासल्या. कोणत्या वेळी कोणत्या टॉवरजवळ, एवढंच त्यात होतं. असे चार ठिपके मिळाले तर 100 पैकी 95 माणसं वेगळी ओळखता येत होती. आपलंच पाहा: पहाटे शेताकडे, मंगळवारी बाजार, दुपारी अंगणवाडी, रात्री घर. हा रस्ता या क्रमाने तुमच्याशिवाय कोण चालतं? या नोंदींना किंमत असते, हे आमच्या ठाण्याने पाहिलं आहे. 2018 च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने लोकांच्या फोनच्या नोंदी, ज्यांना सीडीआर म्हणतात, चोरून विकणारं जाळं उघडं केलं. काही खासगी गुप्तहेरांना अटक झाली. त्या नोंदींत बोलणं नसतं. कुणाला, कधी, किती वेळ आणि कुठून, एवढंच. तेवढ्यासाठी लोक पैसे मोजत होते.

मग माहिती देऊच नये का? असं आम्ही म्हणत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली जातात, हे 2019 साली सरकारी पाहणीतून आकड्यांत आलं. 82 हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली आणि 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. एकेकीने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. ढीग झाला तेव्हा विधानभवनापर्यंत पोचलं. आणि त्या ढिगात एकीचंही नाव चावडीवर वाचलं गेलं नाही, हे किती बरं झालं.

आता कायद्याकडे. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मग माहितीच्या संरक्षणाचा कायदा करायचं ठरलं. 2019 च्या मसुद्यात एक चांगली गोष्ट होती: ओळख काढलेल्या माहितीवरून परवानगीशिवाय कुणी पुन्हा माणूस शोधला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. तो मसुदा मागे घेतला गेला. ऑगस्ट 2023 मध्ये जो कायदा झाला, त्यात हे कलम नाही. जिच्यावरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, एवढी व्याख्या आहे. कुणाला ओळखता येतो? शेजारणीला, की शेजारी दुसरी यादी ठेवणाऱ्या कंपनीला? नाव काढल्यावर किती काढलं म्हणजे पुरे, हे कायद्यात लिहिलेलं नाही. 1983 च्या त्या धाकट्या कलमात होती तितकी साफ गोष्टही नाही, असं आमचं मत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. दंड 250 कोटींपर्यंत आहे. ऐकायला मोठा वाटतो, पण तो सरकारजमा होतो. जिची माहिती फुटली तिच्या हातात त्यातलं काही पडत नाही.

आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यात एक बदल केला, तो खेड्यातल्या बायांना जास्त लागणार आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणं म्हणजे खासगीपणावर नाहक घाला आहे. आता 'वैयक्तिक आहे' एवढं म्हणणं पुरतं. लोकहितासाठी माहिती देण्याचं कलम 8(2) शिल्लक आहे, पण ते वापरायला लावणं म्हणजे अपील आणि फेऱ्या. 2017 साली कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्यांचं चावडी वाचन झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. रोजगार हमीचं मस्टर, रेशनची यादी, घरकुलाची यादी, या वाचूनच तर खोटी नावं पकडली जातात. म्हणजे बघा, बाईच्या पोटातला आजार झाकायला कायदा अपुरा आणि मस्टरवरचं खोटं नाव झाकायला पुरेपूर, असं व्हायला नको.

2025 साली लाडक्या बहिणींच्या यादीची चारचाकी गाड्यांच्या यादीशी पडताळणी झाली आणि अंगणवाडीताई घरोघरी विचारायला गेल्या. योग्य की अयोग्य, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. दोन याद्या शेजारी ठेवल्या की काय होतं, हे मात्र तेव्हा सगळ्यांना घरबसल्या समजलं.

शेवटी आमच्यातलीच एक गोष्ट. मध्यंतरी वागळेतल्या कामकरी बायकांचा एक सर्व्हे झाला. करणाऱ्या मुली प्रामाणिक होत्या. नाव घेतलं नाही, फोन नंबर घेतला नाही. छापायच्या आधी त्यांनी आम्हाला तक्ता वाचून दाखवला, हे त्यांचं मोठेपण. मुलगी वाचत होती: रोड नंबर अमुक, वय 41, काम वेल्डिंग, घरात मारहाण, होय. ओळ पुरी व्हायच्या आत आमच्यातल्या चौघींची नजर एकाच बाईकडे गेली होती. त्या रस्त्यावर वेल्डिंग करणारी बाई एकच आहे. ती खाली बघत होती.

मुलींना रडू यायचं बाकी होतं. मग बसून दुरुस्ती सुरू झाली. रोड नंबर काढले, सगळ्यांना वागळे म्हटलं. वय 41 ऐवजी 40 ते 50. वेल्डिंगऐवजी 'इंजिनिअरिंग काम' लिहू, म्हणजे पॅकिंगवाल्या, ड्रिलिंगवाल्या सगळ्या एकात येतील, असं त्यातल्या मोठ्या मुलीने सुचवलं. तेव्हा ती बाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "वेल्डिंग राहू दे. ते मी शिकलेय, ते माझं आहे. दुसरा रकाना माझ्यापुरता कोरा करा."

मुलीने तसं केलं. वेल्डिंग राहिलं. मारहाणीच्या एकूण आकड्यात एक कमी झाला.